केराबाईंचा खलबत्ता

प्राण्यांच्या निवाऱ्यातून सोनमने गिनीपिग घरी आणला, तेव्हा सासूबाई काय म्हणतील याची तिला धाकधूक होती. केराबाईंचा जन्म मेंढरांमागे गेलेला. माढ्याच्या बाजारात मेंढरू पारखतात तसं त्यांनी गिनीपिगचं तोंड उघडून पाहिलं. "लई म्हातारं हाय की गं! दाढा गेल्यात." "म्हणूनच कुणी नेत नव्हतं, आत्या," सोनम पुटपुटली. केराबाई उठल्या. ज्या खलबत्त्यात त्या आपल्या बोळक्या तोंडासाठी पान-तंबाखू कुटत, तो त्यांनी तीनदा घासला, त्यात कोथिंबीर कुटली आणि बोटाने गिनीपिगला भरवली. जेवणं झाल्यावर सोनमने सवयीने त्यांच्यापुढे पानाचा डबा ठेवला. तंबाखू सोडा म्हणून डॉक्टर आणि मुलगा सांगून थकले, तरी तीस वर्षांत तो डबा कधी परत गेला नव्हता. "ने बाई आत," केराबाई म्हणाल्या. "खलबत्ता एकच हाय, आन् म्हाताऱ्याला तंबाखू सोसायचा न्हाय."