चाव्यांची टकटक

काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या नूपुरने हात वर केला, तसा संघपालने कूलर बंद केला आणि पियानोसमोर येऊन बसला. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी धरमपेठेतल्या त्या बंद खोलीत कूलरशिवाय बसणं सोपं नव्हतं. पण कूलरची घरघर माईकमध्ये येते. म्हणून सकाळपासून हेच चाललं होतं. कूलर बंद, मग वाजवणं, मग लगेच कूलर.

अल्बममधलं हे शेवटचं रेकॉर्डिंग. नऊपैकी पाच सिनेमातली गाजलेली गाणी, जॅझच्या अंगाने वाजवलेली. उरलेल्या चार रचना संघपालच्या स्वतःच्या. कंपनीला खरं तर सगळी सिनेमातलीच हवी होती. त्यातली ‘दुपार’ ऐकली तेव्हा कुठे ते लोक नरमले. अल्बमचं नावही मग तेच ठरलं. ‘दुपार’ मध्येच थांबत असे. सूर वर चढत जायचा आणि आता शेवटच्या पायरीवर पाय ठेवणार, तोच तुटायचा. असं का, म्हणून कुणी विचारलं की संघपाल म्हणे, आमच्याकडची दुपार कधी संपते का?

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याचा मोठा भाऊ रुपराव मांडीवर क्लॅरिनेट आडवं धरून बसला होता. त्याचा जन्म लग्नाच्या बँडमध्ये गेला. सकाळी एका सिनेमाच्या गाण्यात संघपालने त्याला वाजवायला लावलं होतं. वाजवून झाल्यावर ते ऐकून रुपराव म्हणाला होता, “वरातीत असं वाजवलं असतं तं नवरदेव पायीच घरी गेला असता गा.” नूपुर हसून हसून लाल झाली होती. काम संपलं होतं तरी रुपराव घरी गेला नव्हता. धाकट्याची ‘दुपार’ त्याने अजून ऐकली नव्हती.

संघपालने ‘दुपार’ वाजवायला सुरुवात केली. सुरुवात नेहमीसारखी जमली, मधला भाग नेहमीपेक्षा बरा जमला. शेवटचा सूर तोडून त्याने हात उचलले आणि काचेकडे पाहिलं.

“सर, टकटक येऊन राहिली,” स्पीकरमधून नूपुरचा आवाज आला. “क्लॅरिनेटचा माईक सकाळपासून चालूच राहिला. काकांच्या बोटांखाली क्लॅरिनेटच्या चाव्या वाजल्या.”

रुपराव ओशाळला. त्याने बोटं क्लॅरिनेटवरून उचलली. “माफ कर वं पोरी. बोटाले सवय हाय.”

“पण काका, तुम्ही तर हे पहिल्यांदाच ऐकलं ना? टकटक बरोबर बसली आहे.” नूपुर क्षणभर थांबली. बहुधा पुन्हा ऐकत होती. “सरांच्या सुरांच्या थोडी आधीच येते.”

कूलर चालू करायचं संघपालला सुचलं नाही. लहानपणी दोन हंगाम तो भावाच्या बँडमागे खुळखुळा वाजवत चालला होता. त्या दिवसांतलं त्याला फारसं आठवत नव्हतं, किंवा आजवर तसं वाटत होतं.

“भाऊ, हे तुझं आहे?”

“माहं कायचं?” रुपराव खाली बघत म्हणाला. “सुचते कधी कधी दोघाले एकच.”

“सर, अजून एक घेऊ या?” नूपुरने विचारलं. “माईक बंद केला मी.”

संघपाल पुन्हा पियानोकडे वळला. दुसऱ्यांदा वाजवताना त्याने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. रुपरावने क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिलं होतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला त्याने हात काढला नाही.

शेवटचा सूर तुटला.

“एकदम साफ,” नूपुर म्हणाली. “हाच टेक ठेवायचा ना सर?”

हो म्हणायला संघपालला काहीच अडचण नव्हती. भाऊ तर तोंड उघडणार नव्हता. नूपुरही चार दिवसांत विसरून गेली असती.

तो उठला, क्लॅरिनेटचा माईक उचलून भावासमोर नेऊन ठेवला.

“भाऊ, हात काढ. पेटी उघड.”

“आता काहून?”

“हे तू वाजवायचं. नूपुर, माझ्या तीनच रचना लिही. माईक चालू कर.”

“सर, आणि ‘दुपार’?”

“ती भाऊची.”

“येडा झाला का तू?” रुपराव हळू आवाजात म्हणाला. “ते कंपनीवाले काय म्हणतीन? पोरगी आयकून राहिली ना.”

“ऐकू दे.” संघपाल त्याच्यासमोर उकिडवा बसला. “मी जिथं थांबतो, तिथून पुढचं वाजव. मले तेवढंच आठवलं असल.”

रुपरावने पेटी उघडली. क्लॅरिनेट ओठांपर्यंत नेलं आणि परत मांडीवर ठेवलं.

“पुढचं नाही हाय, बाबू.”

“काहून नाही?”

“पुढं जाऊच देत नव्हते. नवरदेव तयार होयेपर्यंत दारात उभं राहाचं, तवा वाजवो मी हे. तो घोड्यावर बसला का बँडचा मालक हात करे, अन् मंग आपलं सिनेमातलं सुरू.”