लाल पेनाची सूचना

बाबा तीस वर्षं लोकांच्या घरी फरशा बसवतात, पण आमच्या हॉलच्या कामाचा ताबा ताईने घेतला. ती बांधकाम व्यवस्थापनाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. "बाबा, तुमचा सगळा कारभार अंदाजपंचे," असं म्हणत तिने तासातासाचं वेळापत्रक बाहेरच्या दारावर चिकटवलं. आई आणि मी मावशीकडे जायचं, बाबांनी बाहेर गॅलरीत झोपायचं आणि नव्या फरशीवर चोवीस तास कोणीही पाय ठेवायचा नाही. हे शेवटचं तिने लाल पेनाने लिहून खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी सहाला, अगदी ठरल्या मिनिटाला, बाबांनी दारापाशी शेवटची फरशी बसवली.

सकाळी आठला, मी बाबांचा चहा घेऊन गॅलरीत आल्यावर, आतल्या खोलीचं दार उघडलं. ताईच्या खांद्याला बॅग, हातात हॉलतिकीट आणि समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओली फरशी.

"बाबा, नऊला पेपर आहे हो माझा."

बाबांनी चहा संपवला, दारावरचा कागद सावकाश वाचला आणि म्हणाले, "थांब, फळी टाकतो. पण पेपर कसला आहे तेवढं सांग."



ताईने हॉलतिकीट पाठीमागे लपवलं. "कामाचं नियोजन."