एका वेळी एकच पडदा
क्रिकेट ॲपवर गेलं, तेव्हा ऋषिराजनं आपलं खातं घरच्या टीव्हीला जोडून दिलं. पुढं बापाशी, गेणबाशी, भांडून तो पुण्याला गेला, बोलणं तुटलं, खातं तेवढं राहिलं. ते एका वेळी एकाच पडद्यावर चाले. त्यानं तिकडं मॅच लावली की इकडं गावी, लोणी भापकरात, गेणबाचा टीव्ही बंद पडायचा. पण म्हातारा कधी चिडला नाही. "पोरगं आलं कामावरनं," असं बायकोला सांगून काळ्या पडद्यासमोर निवांत बसे. आज फायनल, आणि टीव्ही एकदाही थांबला नाही. शेवटचा चेंडू पडला तसा गेणबा "पोरगं कुठं ऱ्हायलं?" म्हणत उठला. राग गिळून त्यानं फोन लावला. "बरा हायस न्हवं? मॅच न्हाय लावली?" "मी लावली की तुमची बंद पडती, आबा. म्हणलं, फायनल तुमी बघा. कोण जिंकलं?" सगळी मॅच बघूनही गेणबाला सांगता येईना.