दुसरी खेप

ऑन्टारिओच्या उत्तरेला दोन सरोवरांमध्ये जंगल आडवं आलं, की होडी डोक्यावर पालथी घेऊन पलीकडे न्यायची. मी आधी सामान पोचवतो आणि मग रिकाम्या हातांनी परत येऊन होडी नेतो. तेवढ्या वेळात माझी बायको लॉर्ना काठावर बसून छोट्या फळीवर समोरचा देखावा रंगवते. वीस वर्षं आमचं असंच चाललंय.

त्या दुपारी सामान ठेवून मी परतलो, तर काठावर होडी नव्हती. होडीशिवाय तिथून माणसांत पोचणं शक्य नव्हतं.

"होडी कुठंय गं?"

"आत्ता तूच नेलीस ना, अँसेल्म? म्हातारा झालास."

हसत तिने फळी माझ्यापुढे धरली. रंग अजून ओला होता. चित्रात पायवाटेवर एक पाठमोरा माणूस चालला होता. त्याचं डोकं होडीखाली झाकलेलं होतं. तपकिरी शर्ट माझा होता, कोपरावरचं ठिगळही माझंच.

"तो मी नव्हतो," मी म्हणालो. "वाट एकच आहे, आणि मला कुणी भेटलं नाही."

"थट्टा पुरे. जाताना बोललास की माझ्याशी. पोचलो की हाक मारतो म्हणालास."

तेवढ्यात जंगलातून हाक आली, "लॉर्ना, चल लवकर."

आवाज माझा होता.

लॉर्ना उठली. माझ्यावरची नजर न काढता ती एकेक पाऊल मागे सरत पायवाटेपर्यंत गेली.

"आले," ती म्हणाली.