नळीचा व्हिडिओ

"एकीकडे बाई बोलतेय, खाली अक्षरं पळतायत, वर ते संगीत कोकलतंय. माणसानं बघायचं काय आणि ऐकायचं काय?" व्हिडिओ नवव्यांदा संपला तशा काकू पुटपुटल्या. नवऱ्याच्या गळ्यातल्या नळीतला कफ मशीननं ओढायला त्या शिकल्याशिवाय हॉस्पिटल त्याला घरी सोडणार नव्हतं.

"आई, लक्ष कुठंय तुझं?" मुलगा कावला.

नर्सनं आवाज घालवला, अक्षरं झाकली आणि एकेक चित्र थांबवून स्वतः समजावलं. मग सरावाचा प्लॅस्टिकचा गळा पुढ्यात ठेवला. आता सबब उरली नव्हती. काकूंनी कुठेही न अडखळता सगळं केलं.

"आलं की, काकू! उद्या घरी."

काकूंनी हातमोजे काढले.

"परवाच आलं होतं गं. पण आलं म्हटलं की तुम्ही ह्यांना घरी पाठवणार. मरायला."