मिलर अँड सन्स

बॉब धापा टाकत व्हॅनपाशी आला आणि खिडकीतून डोकं आत घालून म्हणाला, "तो विचारतोय, पायऱ्या फुकटात करून देणार का?"

"देऊ म्हणावं," पद्मिनी सीटवर आणखी खाली सरकत म्हणाली. "पण लगेच हो म्हणू नकोस. जरा विचार केल्यासारखं कर."

बॉब परत पळाला. पद्मिनीला वाटलं, भाव करतोय, म्हणजे काम द्यायचं त्याच्या मनात आहे!

व्हॅनच्या दोन्ही अंगांना हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मिलर अँड सन्स, डेक क्लीनिंग अँड सीलिंग'. त्यात मिलर कोणी नव्हता आणि सन्स तर नव्हतेच नव्हते. होती एकटी पद्मिनी देवधर, पाण्याचा फवारा मारायचं एक मशीन आणि ब्लीचने पांढरी पडलेली तिची बोटं. देवधर नावाच्या बाईला इथे डब्लिनमध्ये, ओहायोत, डेक धुवायला कोण बोलावणार? हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. म्हणून आन्सरिंग मशीनवर आवाज शेजारच्या बॉबचा, आणि गिऱ्हाइकासमोर उभा राहणाराही बॉबच. बॉब रिटायर्ड पोस्टमन. उंच, गोरा, भरघोस मिशांचा. लाकडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण मिलर म्हणून तो शोभायचा.

तिच्या नवऱ्याने, अतुलने, साफ सांगितलं होतं, "हा एक समर ट्राय कर, यार. नाही जमलं तर मशीन विकून टाकू." निम्मा जून संपला होता. आत्तापर्यंत फक्त दोन कामं मिळाली होती, तीही बॉबच्या ओळखीने. आणि काल अचानक अँडरसन नावाच्या कोणीतरी फोन करून बोलावलं होतं. घराला मागून वळसा घालणारा, लाकडी फळ्यांच्या ओट्यासारखा केवढा तरी डेक! इतका मोठा डेक तिने हातात घेतलाच नव्हता. हे काम मिळालं तर मशीन राहणार होतं, आणि पद्मिनीला मशीन हवं होतं. काळंठिक्कर पडलेलं लाकूड धुता धुता मधासारखं उजळायला लागलं, की तिला शीळ घालावीशी वाटायची. शीळ येत नव्हती, तो भाग वेगळा.

बॉब पुन्हा आला. "लाकडाला लावून उरलेलं सीलर डब्यासकट ठेवून जाल का, म्हणतो."

"डब्यासकट?" पद्मिनीला हसू आलं. इतका चिवट अमेरिकन तिने पाहिला नव्हता. "ठेवू म्हणावं."

"विचित्रच माणूस आहे," बॉब घाम पुसत म्हणाला. "प्रत्येक प्रश्नाआधी किचनमध्ये जाऊन येतो."

"तूही प्रत्येक उत्तराआधी व्हॅनपाशी येतोसच की."

"हो, पण मी मिलर नाहीये ना!"

तो गेला. पद्मिनीने डोकं जरासं वर काढून पाहिलं. डेकवर दोन उंच गोरे पुरुष गंभीर चेहऱ्याने एका फळीकडे बघत होते. एकाने ती बुटाने दाबली. मग दुसऱ्यानेही दाबली. पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचत नसावं. मग अँडरसन आत गेला, बाहेर आला, काहीतरी बोलला आणि बॉब डोकं खाजवत तिसऱ्यांदा व्हॅनकडे निघाला.

"आता काय?" तिने विचारलं.

"मला नीटसं कळलं नाही. त्यालाही कळलेलं दिसत नाही. म्हणतो, डेकवर प्लॅस्टिक अंथरून त्यावर खायचं काहीतरी वाळत घातलं, पांढऱ्या, गोल, पातळ चकत्या, कडक उन्हात, तर त्यांना सीलरचा वास लागेल का?"

पद्मिनीने व्हॅनचं दार उघडलं आणि ती सरळ धावत सुटली. हिरवळीवरून, पायऱ्यांवरून, "मॅम, मॅम" म्हणत आडव्या आलेल्या अँडरसनच्या बगलेतून. किचनच्या उघड्या दाराला पडदा होता आणि पडद्याखाली जोडवी घातलेले दोन पाय दिसत होते.

"साबुदाण्याच्या पापड्या खुशाल घाला," पद्मिनी पडद्याला म्हणाली. "फक्त सील केल्यावर पंधरा दिवस थांबा."

पडदा सरकला. पद्मिनीच्याच वयाची एक बाई तोंडावर हात ठेवून उभी होती.

"अगंबाई! मराठी?" ती बाहेर आली. "मी सरला. हे अँडरसन आमच्या शेजारचे. आपल्याला बघितलं की कॉन्ट्रॅक्टर वाट्टेल तो भाव लावतात हो, म्हणून म्हटलं बोलणी यांनाच करू देत. पण तुम्ही कोण?"

"मीच मिलर," पद्मिनी म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. "म्हणजे, पद्मिनी देवधर. तो मिशीवाला आमच्या शेजारचा."

सरलाने आधी बॉबकडे पाहिलं, मग अँडरसनकडे, आणि दाराला धरून ती हसत सुटली. पद्मिनीलाही हसू आवरेना. ते दोघे भले गृहस्थ मात्र पुन्हा फळीकडे बघायला लागले.

"म्हणजे काम माझं?" पद्मिनीने विचारलं.

"तुमचंच की! आणि माझंच काय घेऊन बसलात?" सरला डोळे पुसत म्हणाली. "अहो, ही तुमची व्हॅन एप्रिलपासून कितीदा तरी दारावरून जाताना बघतोय आम्ही. मी, समोरची सुमित्रा, पलीकडचे जगन्नाथकाका, सगळ्यांचे डेक तसेच पडलेत. पण तुमच्या त्या पाटीवर मिलर वाचलं, की फोन करायचा धीरच होत नव्हता कोणाला!"