शॉवरच्या जाळीतला केस

डिंडोलीतल्या धुडकूचा इलेक्ट्रिक शॉवर सकाळीच बंद पडला. "अहो, आधी मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून बघा, मगच हात घाला," बायको उषाबाईने दारातून बजावलं. त्याने तसंच केलं. टेस्टर पेटला नाही.

त्याने शॉवरची जाळी उघडली. आत एक लांब केस अडकला होता, बुळबुळीत, अंगाइतका कोमट. शिसारी आली, तरी त्याने ओढला. केस संपेचना. दर वितीवर केसाला केस बांधलेला होता. कापडाच्या कारखान्यात लूमवर तुटलेला धागा जोडताना धुडकू मारायचा, तीच गाठ.

बोटांना चिकटलेला केस सुटेना.

गाठ पक्की बसली का बघायला धुडकू नेहमी हलकासा हिसका द्यायचा.

आतून तसाच हिसका आला.